तिला घरी यायचं होतं

इटलीला जायचं ठरलं तेव्हा मी शिकवायचे त्या शाळेतल्या सगळ्यांनी धरून चाललं की वसईजवळच्या पापडीची ख्रिस्ती बाई, म्हणजे रोमला पोपचं दर्शन घ्यायला निघाली. मी तसं धरून चालू दिलं.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. वाचनालयाच्या फळ्यावर हातानं लिहिलेला एक कागद लागला होता. इटलीची सांस्कृतिक सहल, बाराच माणसं, सोबत कलेच्या इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्याआधी आठ शनिवार दुपारी वरच्या हॉलमध्ये व्याख्यानं, आणि ती ऐकल्याशिवाय सहलीला येता येणार नाही अशी अट. पहिल्या शनिवारी मी नुसती ऐकायला म्हणून गेले. सर सत्तरीचे, उंच, खांद्यात थोडे वाकलेले, तरुणपणी काही वर्षं इटलीत शिकलेले. पडदे ओढले गेले, प्रोजेक्टर घरघरायला लागला आणि भिंतीवर एक डोंगर उमटला. माथ्यावर दगडी गाव, उतारावर ऑलिव्हची झाडं आणि एका कडेला उंच काळ्या झाडांची रांग.

"ही सायप्रसची झाडं," सर म्हणाले. "तिकडे बहुतेक दफनभूमीत लावतात."

तसलाच डोंगर माझ्या माहेरी बाबांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. माझ्या मोठ्या बहिणीनं पाठवलेलं कार्ड होतं ते. त्याच डोंगरावर कुठंतरी तिला पुरलं होतं, आणि आमच्यापैकी कुणीही तिथं कधी गेलं नव्हतं.

ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आम्ही तिला बाय म्हणायचो. आमच्या दोघींच्या वर एक भाऊ, दादा. तो मुंबईला ऑफिसात जायचा; बाबा केळीची वाडी बघायचे. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका इटालियन मठाच्या दोन सिस्टर गावात आल्या, चर्चमध्ये बोलल्या, आणि बायनं घरी येऊन सांगितलं की देवाचं पाचारण आलंय, मी जाते. तिच्या निरोपाला दारात मांडव घातला होता. बँड होता. त्या रविवारपासून चर्चमध्ये मिस्साला बाबांना पहिल्या बाकावर बसवू लागले. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, घरातली एक देवाला दिली. मग बाय बोटीनं गेली.

मी दहावीला असताना शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक पाकीट आलं. बायचं अक्षर. घरी पत्रं बाबा फोडायचे, म्हणून तिनं ते शाळेत पाठवलं होतं. मी ते मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं उभी राहून वाचलं. मोठं नव्हतं. इथं कुणी वाईट नाही, असं तिनं लिहिलं होतं. पण माझं मन इथं नाही. मला घरी यायचं आहे. मदर म्हणतात, घरून पत्र आलं की तुला पाठवते. बाबांना तू सांग. तुझं ते ऐकतात. मी वाट बघते.

मी बाबांना सांगितलं नाही.

आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा दिवस गेले. रोज संध्याकाळी बाबा ओट्यावर बसलेले असायचे आणि मी दारापर्यंत जाऊन परत फिरायचे. मठातून परत आलेल्या मुलीबद्दल गाव काय बोलतं ते मी ऐकलं होतं. शेजारच्या गावातली एक आली होती. तिचं नाव घेताना बायका आवाज खाली आणायच्या. आई खचेल, बाबा पहिल्या बाकावरून उठून मागं बसतील, हे सगळं मला दिसत होतं. हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही. बाय गेल्यावर तिची खिडकीजवळची जागा माझी झाली होती. घरातली मोठी मुलगी मी झाले होते. आणि ती परत आली तर हे सगळं जाईल, असं मला वाटलं होतं. सोळाव्या वर्षी वाटलं होतं, पण वाटलं होतं.

सोळाव्या दिवशी मी पाकिटात दगड घालून ते वाडीतल्या बावखलात टाकलं. बावखल म्हणजे आमच्याकडं वाडीला पाणी पुरवणारं लहानसं तळं. पाकीट लगेच बुडालं नाही. थोडं तिरकं झालं, शाई पसरली, मग गेलं.

त्यानंतर बायची पत्रं घरी येत राहिली. नाताळला, ईस्टरला. थंडी आहे, मी बरी आहे, सर्वांना आशीर्वाद. परत यायचा विषय कुठंच नव्हता. मला वाटलं, तिचं मन रमलं असेल. माझं लग्न ठरायच्या आधीच, एका सकाळी गावचे फादर घरी आले. त्यांनी आधी आईला बसायला सांगितलं. छातीच्या दुखण्यानं बाय गेली होती. सत्तावीस वर्षांची होती.

तेव्हापासून ती मला दिसायची. भुतासारखी नव्हे, मी शाळेत शिकवणारी बाई, भुताबितांवर माझा विश्वास नाही. पण फळ्याकडं पाठ करून वळले की शेवटच्या बाकावर कुणीतरी मोठी बाई बसलेली वाटायची. बाजारात पुढं चालणाऱ्या एखाद्या पाठीवरून माझी नजर हलायची नाही. बावखलाकडं मी जायचंच सोडलं. नव्वदच्या दशकात आजूबाजूच्या वाड्या विकल्या जायला लागल्या. वाटण्या होऊन चुलत्यांकडं गेलेला आमचा तुकडाही गेला, आणि डंपरनं माती आणून ते बावखल बुजवलं. मी त्या दिवशी मुद्दाम बघायला गेले. पहिली माती पडली तेव्हा पाणी वर उसळून काठावर आलं, आणि मी इतकी मागं सरकले की चुलतभाऊ म्हणाला, "अगं, पाणीच आहे." आता तिथं चार मजली इमारत आहे.

तर असे आठही शनिवार मी ऐकले. नवऱ्याला म्हटलं, मला जायचंय. त्याला बाय माहीत होती, पत्र माहीत नव्हतं. तो म्हणाला, "जा. आईबाबांना जमलं नाही, तू तरी जाऊन ये." बाबांच्या कपाटाच्या दारावरचं ते कार्ड मी ब्लेडनं खरवडून काढलं. मागं गावाचं नाव छापलेलं होतं.

मेच्या सुट्टीत आम्ही निघालो. खोलीत माझ्या जोडीला विरारच्या मनवेलपाड्यातल्या एक निवृत्त परिचारिका होत्या, मोकळ्या स्वभावाच्या. रोममधल्या दुसऱ्या सकाळी वेणी घालता घालता त्या म्हणाल्या, "पहाटे तुम्ही झोपेत बोलत होतात. कुठली भाषा हो ती? मराठीसारखी वाटली, पण मला कळेना."

"आमची घरची बोली," मी म्हटलं. "काय म्हणत होते?"

"कुणाला तरी थांब थांब म्हणत होतात, एवढं कळलं."

सरांचा एक नियम होता. दिवसाला तीनच चित्रं. पण प्रत्येकासमोर वीस मिनिटं उभं राहायचं, बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही. "जे आहे ते बघा," ते म्हणायचे. "जे हवंय ते बघू नका." त्या दिवशी ते आम्हाला एका लहानशा जुन्या चर्चमध्ये घेऊन गेले. आत अंधार होता. नाणं टाकलं की दिवा लागायचा. दिवा लागला आणि भिंतीभर सोनं पसरलं. त्यात बारीक खड्यांनी जडवलेल्या संत स्त्रिया एका ओळीत उभ्या. सगळ्यांचे डोळे मोठे, काळे, समोर रोखलेले. पहिल्यांदा त्या सगळ्या मला एकसारख्या दिसल्या. पाच-सात मिनिटांनी वेगळ्या दिसायला लागल्या. उजवीकडून दुसरी बाय होती.

ती तशी नव्हती हे मला कळत होतं. नाक वेगळं, कपाळ वेगळं. पण खालचा ओठ किंचित दाबून, काहीतरी विचारून उत्तराची वाट बघणारं तोंड तिचंच होतं. दिवा आपोआप विझला. अंधारात मला तिचे डोळे दिसतच राहिले. कुणीतरी पुन्हा नाणं टाकलं तोवर मी बाहेर पायरीवर येऊन बसले होते. सर मागून आले.

"बरं वाटत नाही का?"

"सर," मी म्हटलं, "असिसीला आपल्याला एक दुपार मोकळी आहे ना? मला तिथून जवळच्या एका मठात जायचंय. माझ्या बहिणीला तिथं पुरलंय. मला भाषा येत नाही."

त्या मोकळ्या दुपारी त्यांना स्वतःला काही भित्तिचित्रं पुन्हा निवांत बघायची होती. तसं ते बसमध्ये बोलले होते. ते म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत? मी येतो."

असिसीहून टॅक्सीनं तासभर लागला. वळणावळणाचा रस्ता, आणि एका वळणावर कार्डातला डोंगर समोर आला. कार्डात तो निळसर होता. खरा हिरवा होता, आणि खूप जवळ. मठाचं फाटक लोखंडी, खाली उतारावर. एका मध्यमवयीन सिस्टरनी दार उघडलं. सरांनी सांगितलं, मी कोण, कुठून आले. त्या सिस्टरनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या आम्हाला सायप्रसच्या झाडांपाशी घेऊन गेल्या. मी थडगं शोधत होते. थडगं नव्हतं. तिकडं काही वर्षांनी अस्थी काढून एका सामाईक जागेत ठेवतात, असं सरांनी मला हळू आवाजात समजावलं. एका भिंतीत संगमरवरी पाटी होती आणि तिच्यावर नावांची रांग. मला बायचं नाव सापडेना. मग लक्षात आलं, मठात तिला दुसरं नाव दिलं होतं. सिस्टरनी बोट ठेवून दाखवलं. त्या नावापुढं 'इंडिया' एवढंच होतं. पापडी नाही, वसई नाही. मी वसईहून नेलेली जपमाळ पाटीखाली ठेवली आणि प्रार्थना म्हटली. रडू आलं नाही.

परत निघताना सिस्टर सरांना काहीतरी म्हणाल्या. "इथं एक म्हाताऱ्या सिस्टर आहेत," सरांनी सांगितलं. "तुमच्या बहिणीबरोबर त्या मळ्यात काम करायच्या. भेटायचंय का?"

त्या अंगणात उन्हात चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर परात आणि परातीत पावट्यासारख्या जाड शेंगा. सोलायचं काम चालू होतं. सरांनी वाकून त्यांना सांगितलं. त्यांनी हात पुसले, मला जवळ बोलावलं आणि माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला.

"म्हणतात, हनुवटी तीच आहे," सर म्हणाले.

मग त्या बोलायला लागल्या. दोन-तीन वाक्यं त्या बोलायच्या, सर ऐकायचे, मराठीत सांगायचे. बाय पहिल्या वर्षी फार हसायची. मग हसायची कमी झाली. एका हिवाळ्यात तिनं मदरना सांगितलं, मला घरी जायचंय. मदर कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. म्हणाल्या, घरून पत्र येऊ दे, मी तिकीट काढते. बायनं घरी लिहिलं. तेव्हा पोस्टमन स्कूटरवरून यायचा आणि खालच्या वळणावर हॉर्न वाजवायचा. हॉर्न ऐकला की बाय हातातलं टाकून फाटकापर्यंत पळत जायची. बर्फ असलं तरी. सगळा हिवाळा गेली. ईस्टरच्या सुमारास जायची थांबली.

"मी तिला विचारलं, आता का जात नाहीस," म्हाताऱ्या सिस्टर सांगत होत्या, आणि सर सांगत होते. "ती म्हणाली, मी माझ्या बहिणीला लिहिलंय. तिचं अक्षर वाईट आहे. लिहायला लाजत असेल."

तिथं दगडी कठडा होता, त्यावर मी टेकले. माझं अक्षर खरंच वाईट होतं. बायनंच मला लिहायला शिकवलं होतं.

म्हाताऱ्या सिस्टरनी पुढं वाकून काहीतरी विचारलं. सरांनी आधी माझ्याकडं बघितलं.

"काय विचारतात?"

"विचारतात," सर म्हणाले, "ती बहीण तुम्हीच का. आणि ते पत्र तुम्हाला मिळालं होतं का."

तीस वर्षं मला हे कुणी विचारलं नव्हतं. पापनिवेदनात फादरांनासुद्धा मी ते कधी धड सांगितलं नव्हतं. खोटं बोलले, राग केला, अशा यादीत लपवून टाकलं होतं. मी म्हटलं, "हो, मीच. सांगा त्यांना. पत्र मला मिळालं होतं. मी वाचलं. मी घरी कुणाला दाखवलं नाही. मी ते पाण्यात टाकलं."

सरांचा चेहरा उतरला. "नक्की सांगू?"

"सांगा."

ते त्यांच्याकडं वळून इटालियनमध्ये बोलले. फार वेळ लागला नाही. म्हाताऱ्या सिस्टरनी डोळे मिटले, मान हलवली, आणि मला खुणेनं खाली बसायला लावलं. मी गुडघ्यांवर बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ओल्या शेंगांचा वास होता. त्या काहीतरी पुटपुटल्या. मग मात्र मला रडू आलं, आणि थांबेना. त्या सरांना म्हणाल्या, हिला पाणी द्या.

असिसीला परतल्यावर मी गाढ झोपले. झोपेत काही बोलले नाही, असं सकाळी परिचारिकाबाईंनी सांगितलं. दोन दिवस मला सगळं स्वच्छ दिसत होतं. रस्ते, माणसं, जेवणातली चव. फ्लॉरेन्समध्ये सर आम्हाला साधूंच्या एका जुन्या मठात घेऊन गेले. लांब ओवरीत लहान लहान खोल्या, आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक चित्र. बाकीचे पांगल्यावर मी सरांना गाठलं.

"सर, तुमचे उपकार मी विसरणार नाही. तीस वर्षांचं ओझं होतं. त्या माऊलीनं सगळं ऐकून डोक्यावर हात ठेवला. आता मला मरण आलं तरी चालेल."

सर भिंतीला टेकले.

"बाई," ते म्हणाले, "मी ते सांगितलं नाही."

मला कळलंच नाही.

"मी त्यांना सांगितलं, पत्र पोचलंच नाही. टपालात हरवलं. घरच्यांना काहीच माहीत नव्हतं." ते थांबले. "त्यांचं वय बघितलं मी. तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, आता कशाला. दोघींनाही कशाला. एका क्षणात झालं ते. नंतर तुम्ही इतक्या रडलात, मला बोलता येईना."

"म्हणजे त्यांनी आशीर्वाद दिला तो..."

"पत्र न मिळालेल्या बहिणीला दिला."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. ओवरीत माणसं होती. एवढंच म्हटलं, "आठ शनिवार तुम्ही आम्हाला सांगितलंत, जे आहे ते बघा, जे हवंय ते बघू नका."

"हो," ते म्हणाले. "मी आत्ता मठात फोन लावतो. खरं सांगतो."

"तुमच्या तोंडून नको."

त्या क्षणी शेजारच्या खोलीच्या दारात बाय उभी होती, असं मी म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. दारात एक जर्मन मुलगी उभी होती, डोक्याला रुमाल बांधलेली. पण ती वळून निघून जाईपर्यंत मी तिच्याकडंच बघत होते. व्हेनिसबद्दल मला काही विचारू नका. तिथं तीन दिवस होते, पाणी होतं, एवढं आठवतं. सर माझ्याशी नजर मिळवत नव्हते. विमानतळावर सगळ्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. मीही केला. माणूस वाईट नव्हता.

घरी आल्यावर मी त्या म्हाताऱ्या सिस्टरना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा पुरं केलं. रोममध्ये शिकून आलेले एक वयस्कर फादर वसईत राहायचे. त्यांच्याकडं घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि समोर बसूनच इटालियनमध्ये लिहायला घेतलं. मध्येच एकदा थांबले.

"इथं तुम्ही 'मी घाबरले' लिहिलंय. नुसतं घाबरले लिहू?"

मी विचार केला. "नाही. घाबरले, आणि ती परत यायला नको होती. दोन्ही लिहा."

त्यांनी दोन्ही लिहिलं. पाकीट पोस्टात टाकताना माझा हात पेटीच्या तोंडाशी अडला. मागं उभा असलेला माणूस म्हणाला, "मॅडम, टाका ना."

सप्टेंबरात उत्तर आलं. दार उघडणाऱ्या त्या मध्यमवयीन सिस्टरनी लिहिलं होतं. फादरांनी वाचून दाखवलं. तुमचं पत्र आलं तेव्हा म्हाताऱ्या सिस्टर शुद्धीवर नव्हत्या. आम्ही आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसत होतो. माझी पाळी आली तेव्हा मी त्यांच्या कानाशी तुमचं पत्र सावकाश वाचलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

ते ऐकून मी घरी गेले नाही. पापडीला दादाकडं गेले.

दादानं तेव्हा साठी ओलांडली होती. नोकरीतून सुटल्यावर उरलेली वाडी तोच बघायचा. मी गेले तेव्हा केळीची वाळकी पानं कोयत्यानं छाटत होता. आम्ही घरच्या बोलीत बोललो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते आहे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शाळेत आलेलं पत्र, बावखल, फाटकाशी पळत जाणारी बाय, सर, म्हाताऱ्या सिस्टर. सांगत होते तोवर त्यानं कोयता खाली ठेवला नव्हता.

"ईस्टरला थांबली जायची?" त्यानं विचारलं.

"हो. ईस्टरच्या सुमारास, असं त्या म्हणाल्या."

तो बांधावर बसला. "मलापण लिहिलेलं तिनं," तो म्हणाला. "ऑफिसच्या पत्त्यावर."

वाडीत पाटाचं पाणी चालू होतं.

"मग?"

"मी उत्तर दिलं." त्यानं कोयत्याची मूठ दोन्ही हातांत धरली होती. "नवीन लग्न झालेलं माझं. वहिनीला दिवस गेलेले. बाबा छातीवर हात ठेवून बसायचे. मी लिहिलं, येऊ नको. बाबांना सोसणार नाही. देवाला शब्द दिलास तो पाळ. असं लिहिलं मी."

"कधी लिहिलंस?"

"उपवासाच्या दिवसांत. ईस्टरच्या आधी."

म्हणजे ती वाट बघून थकली नव्हती. तिला उत्तर मिळालं होतं. आणि ते मिळाल्यावर तिनं त्या म्हाताऱ्या बाईला माझ्या अक्षराचं सांगितलं, दादाच्या पत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही.

खरं लिहायचं तर पहिल्यांदा मला हलकं वाटलं. माझ्यामुळं नाही, असं मनात आलं, आणि लगेच स्वतःची किळस आली. मी ते पत्र बाबांना दिलं असतं तर कदाचित बाबाच 'ये' म्हणाले असते. दादानं नको लिहायच्या आधीच. आम्हा दोघांनाही बाबा काय म्हणतील ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांना विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

"तीस वर्षं बोलला नाहीस," मी म्हटलं.

"तू तरी कुठं बोललीस?"

आम्ही भांडलो नाही. तो उठून पाणी दुसऱ्या पाटात वळवायला गेला. मी घरी आले.

नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाचा दिवस आला. त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर संध्याकाळी दफनभूमीत जातं. आदल्या दिवशी थडगी धुतात, झेंडूनं सजवतात, मग मेणबत्त्या लावतात. फादर येऊन आशीर्वाद देतात. आईबाबांच्या थडग्यापाशी आम्ही सगळे जमलो होतो. दादा, वहिनी, त्यांची मुलं-सुना, नातवंडं, माझा नवरा आणि मी. दादानं आईबाबांच्या मेणबत्त्या लावल्या. मग खिशातून आणखी एक काढली आणि थडग्याच्या कडेला मऊ मातीत खोचली. वारा होता. दोनदा विझली, तिसऱ्यांदा लागली.

"ही कुणाची?" वहिनीनं विचारलं.

दादा उभा राहिला. त्यानं थडग्याकडं बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाबा, आय, तिला घरी यायचं होतं. तिनं मला लिहिलेलं. मी नको म्हणालो. तुम्हाला सांगितलं नाही."

शेजारच्या थडग्यापाशी रोझरी, जपमाळेची प्रार्थना, चालली होती, ती मध्येच अडखळली. दादाचा मोठा मुलगा एक पाऊल पुढं आला आणि तिथंच थांबला. दादानं मान वळवून माझ्याकडं एकदा बघितलं. माझं वाक्य तोंडात तयार होतं. 'आणि मला पण.' तीनच शब्द. सगळे दादाकडं बघत होते. मी खाली वाकले आणि मेणबत्तीच्या बुडाला माती दाबत बसले.

फादर आले, पवित्र पाणी शिंपडून पुढं गेले. परतताना दादा माझ्या बाजूनं चालत होता. "बोलली नाहीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "एकानं पुरे." मला ते पटलं नाही, पण मी तसं म्हटलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेला, तेव्हाही म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी दादाच्या घरी आल्यावर वहिनीनं सगळ्यांना चहा दिला. दादा आत जाऊन आडवा झाला होता. मुलं दबक्या आवाजात बोलत होती. वहिनी माझ्यापाशी येऊन बसली. बराच वेळ रिकामा कप हातात फिरवत राहिली.

"तिला यायचं होतं, हे तुला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हटलं.

कधीपासून, ते तिनं विचारलं नाही.